चिबड रानात पाणी अडवलं, आता बाहेर जाणाऱ्या पाण्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त कसं काय?

चिबडवाला_मोहोळ

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीय, आधीच सांगतो.

मोहोळ तालुक्यात आमचं अडीच एकराचं एक रान आहे, ओढ्याच्या कडंला. वरून उजनीचा कालवा गेलाय, त्याचा पाझर येऊन येऊन रान पार चिबड झालं. त्याआधी वीसेक वर्षं तिथं ऊसच होता, लागण खोडवा परत लागण, मधी एखादा कांदा. वडलांचा हात डीएपीला, म्हणजे स्फुरदाच्या खताला, मोकळा, एकरी तीन पोती तर ठरलेलीच. शेवटी शेवटी ट्रॅक्टर रुतायला लागला, उसाचा शेंडा पिवळा पडायला लागला, मग तीन वर्षांपूर्वी नाद सोडला.

गेल्या उन्हाळ्यात थोरल्या बंधूंच्या डोक्यात आलं की पिकतच नाही तर पाणथळच करू, पक्षी येतील, वरच्या रानांतून येणारं खताचं पाणी इथं गाळून खाली जाईल. खाली गावचा पाझर तलाव आहे, जनावरं तिथंच पाण्याला जातात. मग जेसीबी लावून बांध घातला, सांडव्याला सिमेंटचा पाइप टाकला, त्याला लाकडी फळ्यांचं झाकण, म्हणजे पाण्याची पातळी कमी जास्त करता येते. पाणकणीस तर आपोआपच उगवलं, लावावं लागलं नाही.

जूनच्या पावसात भरलं. जुलैत पाणी स्वच्छ होतं, आम्ही खूश, फोटो काढून स्टेटसला ठेवले. ऑगस्टच्या शेवटी कडंनं हिरवी साय धरायला लागली आणि आता ऑक्टोबरात नुसता हिरवा रंग कालवल्यासारखं पाणी झालंय, चिखलात पाय घातला की खालची माती काळीकुट्ट आणि कुजक्या अंड्यासारखा वास. मत्स्यालयाच्या दुकानातून फॉस्फेटचं किट आणलं, थेंब टाकले की पाणी निळं होतं ते. ओढ्याचं आत येणारं पाणी अगदी फिकट निळं आलं आणि सांडव्याचं बाहेर जाणारं शाईसारखं निळं. म्हणजे फिल्टर म्हणून केलं आणि ते उलट खत ओकायला लागलं! खालच्या तलावावरून गावात बोलणी सुरू झालीत, तुमच्यामुळं तलाव हिरवा झाला म्हणून. तीन वर्षं आम्ही त्या रानात खताची चिमूट टाकलेली नाही. मग हे येतंय कुठून?

सात_रस्ता

बाटली कसली वापरलास बे ते आधी सांग. आणि गावाला म्हणावं सोलापुरात या, कंबर तलावाला आम्ही वर्षानुवर्षं जलपर्णी बघूलालोय, तुमचं तर नुसतं हिरवं झालंय 😄

चिबडवाला_मोहोळ

आतल्या पाण्याला बिसलरीची रिकामी, बाहेरच्याला काळ्या कोल्ड्रिंकची. विसळून घेतली होती की.

काळी_माती

कोल्ड्रिंकची बाटली! अहो त्या काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्लच असतं, एकदा विसळून थोडं राहिलं तरी किट निळं होणार. दोन्हीला सारख्या, साध्या पाण्याच्या नव्या बाटल्या घ्या, साबण लावू नका, त्याच पाण्यानं तीनदा विसळा, आणि किटमध्ये घालायच्या आधी पाणी फिल्टर पेपरमधून गाळा कारण हिरवं पाणी असलं की रंग नीट कळत नाही. परत करून बघा.

पण माझा अंदाज विचाराल तर रंग थोडा उतरेल, फरक राहीलच. मी माती शिकवण्यात नोकरी घालवली त्यामुळं जरा मास्तरकी करतो, सहन करा.

तुम्ही जे वाचलं की पाणथळ खत गाळून घेते ते नत्राच्या बाबतीत पक्कं खरं आहे. चिखलात हवा नसते, तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं, हिशोब संपला. स्फुरदाला अशी उडून जायची वाट नाही. ते मातीत बसेल, झाडात बसेल नाहीतर पाण्यात उतरेल, या तिघांच्या बाहेर जायचं तर कुणीतरी उचलूनच न्यावं लागतं. म्हणजे तुमचं पाणथळ ही बँक समजा आणि तिच्यात वडलांनी वीस वर्षं भरणा केलेला आहे.

किती ते ठोकळ काढू. डीएपीचं ५० किलोचं पोतं, ४६ टक्के स्फुरद, म्हणजे २३ किलो. एकरी तीन पोती ६९ किलो. उसाचा एक टन साधारण अर्धा किलो उचलतो, एकरी ४० टन धरले तर २० किलो गेले. राहिले ४९, म्हणजे दर एकरी दर वर्षी दोन पोत्यांहून जास्त मातीतच. अडीच एकर, वीस वर्षं. शंभर पोती डीएपी तुमच्या बांधाच्या आत पुरलेलं आहे म्हणा ना.

आता दुसरी बाजू. पोत्यावरचा आकडा ऑक्साइडच्या हिशोबात असतो, निव्वळ स्फुरद काढायला २.२९ ने भागायचं, म्हणजे एका पोत्यात दहा किलो. लिटरला ०.१ मिलिग्रॅम स्फुरद असलं तरी शेवाळाची चंगळ होते. दहा किलो भागिले ०.१ मिलिग्रॅम, दहा कोटी लिटर पाणी झालं. एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे सव्वाबारा लाख लिटर. तर एका पोत्यातून ऐंशी एकर रान फूटभर हिरव्या पाण्यानं भरता येतं. शंभर पोत्यांतलं एखादं पोतं सुटलं तरी तुमचा पाझर तलाव गेला.

ते सुटतं कसं हे उद्या लिहितो, नातू लॅपटॉप मागतोय.

रब्बी_ज्वारी

सर तुमचा हिशोब मान्य पण आपल्याकडची माती चुनखडीची, पीएच आठच्या वर. स्फुरद कॅल्शियमला घट्ट धरून बसतं म्हणून तर आपण ते विरघळवणारे पीएसबी जिवाणू टाकतो ना. उभ्या पिकाला मिळत नाही ते पाण्याला कसं मिळेल? ते लोहाला चिकटायचं आणि पाणी साचलं की सुटायचं प्रकरण कोकणातल्या तांबड्या मातीचं असावं.

काळी_माती

चांगला मुद्दा काढलात, अर्धा बरोबर आहे.

जुनं, बरीच वर्षं पडून राहिलेलं स्फुरद कॅल्शियमबरोबर दगड झाल्यासारखं असतं, ते सहज हलत नाही. पण सगळं तसं नसतं. काळ्या मातीतसुद्धा चिकणमातीच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, गंजाचाच म्हणा ना, पातळ लेप असतो आणि अलीकडच्या वर्षांत टाकलेलं बरंच स्फुरद त्या लेपाला धरून असतं. शिवाय पाचट, मुळ्या, साखर कारखान्याची मळी म्हणजे प्रेसमड टाकली असेल तर ती, यांच्यातलं सेंद्रिय स्फुरद वेगळंच.

पाणी साचलं की दोनचार दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू नायट्रेटकडं वळतात, मग मँगनीज, मग लोह. लोहाचा गंज विरघळला की त्याला चिकटलेलं स्फुरद पाण्यात मोकळं. इंग्लंडमधल्या तळ्यांवर मॉर्टिमर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४१-४२ सालीच हे दाखवलंय, नवं काही नाही. आणि कॅल्शियमवाल्या मातीत आणखी एक होतं. पाण्याखाली कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि आठच्या वरचा पीएच उतरून सातच्या आसपास येतो, तसं कॅल्शियमनं धरलेलं थोडं स्फुरदही सैल पडतं. भाताची खाचरं करणाऱ्यांना हे अनुभवानं माहीत असतं, चिखलणी करून पाणी भरलं की भाताला स्फुरद बरं मिळायला लागतं. तुम्ही फक्त भाताशिवाय तेच केलंय.

चिबडवाले, तुमचा तो कुजक्या अंड्याचा वास आणि काळा चिखल म्हणजे गाडी लोहाच्याही पुढं जाऊन सल्फेटवर आली. सल्फेटचं सल्फाइड झालं की ते लोहाला धरून काळं होतं, आणि एकदा लोह तिकडं अडकलं की ते परत स्फुरद धरायला मोकळं राहत नाही. रान चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट झालेलं, होतं म्हणून कधी जिप्सम टाकलं होतं का?

चिबडवाला_मोहोळ

टाकलं होतं की, दोन ट्रॉल्या, सोडून द्यायच्या आदल्या वर्षी. कुणीतरी सांगितलं होतं.

काळी_माती

मग सल्फेट तिथूनच. चोपण रानाला जिप्सम देणं चूक नव्हतं, कॅल्शियम मिळतं. पण वर पाणी उभं करायचं असेल तर त्याच जिप्सममधलं सल्फेट असं अंगाशी येतं.

भीमाकाठ_करमाळा

राम राम. मी उजनीच्या फुगवट्यातला. आमच्याकडं हे दर साली बघायला मिळतं, फक्त त्याला शास्त्र असतं हे आज कळलं.

धरण १९८० ला झालं, आमच्या आज्याची जमीन पाण्यात गेली. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती उघडी पडती, तिथं गाळपेर करायची. भुईमूग, कलिंगड, मका, काय बी फेका, येतंय. तरी लोक सवयीनं डीएपी टाकत्यातच. आन मग जून जुलैत पाणी चढतं, ते सगळं रान खतासकट पाण्याखाली. पाणी आल्यावर महिनाभरात कडंकडंनं असा हिरवा तवंग धरतो की हात धुवायची इच्छा होत न्हाई. आम्ही सगळं पुण्याच्या सांडपाण्यावर ढकलतो, आन ते येतंय बी, त्यात खोटं न्हाई. पण आपल्या पोत्याचं कुणी बोलत न्हाई.

एक सांगू का, रान वाळून भेगा पडल्या आन मग पाणी आलं की पहिलं पाणी लई वंगाळ असतं. सारखं ओलं राहिलेल्या खाडीच्या भागात तेवढं हिरवं होत न्हाई. का ते सर सांगतील.

काळी_माती

भाऊ, तुमचं निरीक्षण लाखमोलाचं आहे. माती कडक वाळली की तिच्यातले जिवाणू मरतात, आणि एकदम पाणी आलं की मेलेले आणि जगलेले दोन्ही फुगून फुटतात, त्यांच्या पेशींतलं स्फुरद पहिल्या पाण्यात उतरतं. आपल्या काळ्या रानाला रुंद भेगा, त्यातून ते पाणी भराभर फिरतं. म्हणून दर उन्हाळ्यात कोरडं आणि दर पावसाळ्यात भरलेलं, हा या बाबतीत सगळ्यात वाईट प्रकार, आणि सोलापूरच्या पावसात नेमकं तेच होतं.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एव्हरग्लेड्स नावाच्या मोठ्या दलदलीच्या वरच्या अंगाला उसाचीच रानं होती. त्यातली विकत घेऊन १९९४ पासून तिथं पाणथळी केल्या, आता ५० हजार एकरांच्या वर आहेत, उसाच्या उरलेल्या रानांतून येणारं पाणी त्यांतून फिरवतात. खालच्या दलदलीसाठी मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमची, म्हणजे मी वर धरलेल्या आकड्याच्या दहावा हिस्सा. तिथंही सुरुवातीला जुन्या रानातलं स्फुरद सुटतं आणि कोरड पडून परत पाणी भरलं की आकडा चढतो, म्हणून दुष्काळातसुद्धा थोडं पाणी राखायचा आटापिटा करतात. ओरेगॉनमध्ये क्लॅमथ सरोवराच्या तोंडाशी २००७ साली शेतांचे बांध सुरुंगानं उडवून पाणी आत घेतलं, तिथंही पहिला अनुभव स्फुरद सुटण्याचाच. त्यामुळं तुमचे बंधू वेडे नाहीत, फक्त तुम्ही पहिल्या वर्षातच निकाल मागताय.

पाणकावळा

स्फुरदाचं सर सांगतायत, मी पक्ष्यांच्या बाजूनं एक सांगते. मी सोलापुरातली, थंडीत हिप्परगा तलावावर पक्षी बघायला जाते. फ्लोरिडाचा विषय निघालाच आहे तर तिथलंच अपॉप्का सरोवर. काठची भाजीपाल्याची शेतं सरकारनं घेतली आणि १९९८ मध्ये त्यांवर पाणी सोडलं, भरपूर पक्षी आले, सगळे आनंदात. त्या हिवाळ्यात पांढरे पेलिकन, करकोचे, बगळे असे शेकड्यांनी मेले. जुन्या कीटकनाशकांचे अंश मातीत होते, डीडीटीच्या कुळातले, ते माशांत गेले आणि माशांतून पक्ष्यांत. पाणी परत काढावं लागलं.

तुमच्या रानात कांदाही होता म्हणताय. घरात जुन्या माणसांना विचारा बीएचसी पावडर किती धुरळली होती. आपल्याकडं ती १९९७ ला बंद झाली, एंडोसल्फान २०११ ला. घाबरवत नाहीये, पण मासे सोडायच्या आधी मातीची एक तपासणी करून घ्या दादा.

आणि ती हिरवी साय जनावरांना पिऊ देऊ नका प्लीज. त्यातलं निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं, नुसतं बघून कळत नाही. वाऱ्यानं साय ज्या काठाला गोळा होते त्या काठाला तर अजिबात नाही.

सात_रस्ता

एवढं सगळं ऐकून तो बांध फोडून टाकावा असं वाटूलालंय मला.

चिबडवाला_मोहोळ

मला पण 😅 पण बंधू ऐकणार नाहीत. सर, करायचं काय ते सांगा. पाणकणीस कापून टाकलं तर जाईल का स्फुरद? आणि तुरटी टाकतात म्हणे तळ्यात.

काळी_माती

पाणकणीस कापा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वाळलेल्या एक टनात साधारण दोन किलो स्फुरद, तुमच्याकडं हजार किलो पुरलेलं. हिशोब करा. न कापलं तर मात्र ते मुळांनी खालचं स्फुरद वर ओढतं आणि पानं कुजली की पाण्यात सोडतं, म्हणजे फुकटचा पंप. हिरवं आहे तोवर कापायचं आणि बांधाच्या बाहेर न्यायचं, काठावर ढीग घातला तर पहिल्या पावसात परत आत. तुरटी काम करते, त्यातलं ॲल्युमिनियम स्फुरद धरतं आणि हवा गेली तरी लोहासारखं सोडत नाही. पण मोजून न टाकल्यास पाणी आंबट होऊन मासे मरतात, आणि पाझर तलावाच्या डोक्यावर तुम्ही अंदाजे पोती रिकामी करावीत असं मी सांगणार नाही.

माझ्या मते खरं काम मातीचंच. तुमच्या रानात नांगरट सात-आठ इंचांची, खत वरच टाकलेलं, म्हणजे माल वरच्या थरात आहे. युरोपात शेताचं पाणथळ करताना हा वरचा थर खरवडून उचलतात. आपल्याला हे काही नवीन नाही, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवारमध्ये आपण दुसरं काय करतो, तलावातला गाळ उचलून मुरमाड रानात टाकतो. तुमचा गाळ तलावात जायच्या आधीच उचला एवढाच फरक. वरच्या अंगाला कुणाचं हलकं रान असेल तर तो माणूस स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन येईल. मात्र आधी दोन थरांची माती तपासा, वरचे सहा इंच वेगळे आणि त्याखालचे वेगळे. खालचा थर जास्त चोपण निघाला तर तो उघडा पाडून पाणी कायमचं गढूळ राहील, आणि वरच्यात क्षार जास्त असले तर दुसऱ्याचं रान बिघडवाल. रिपोर्टात उपलब्ध स्फुरद हेक्टरी २५ किलोच्या वर असेल तर शेतकरी म्हणून आनंद, पाणथळवाला म्हणून डोकेदुखी. आणि माती हलवायच्या आधी तलाठ्याला विचारा, नाहीतर गौण खनिजाचं लफडं मागं लागेल.

हे उन्हाळ्याचं झालं. आत्ता लगेच करायचं म्हणजे सांडव्याच्या फळ्या चढवा, ते पाणी तलावात जाऊ देऊ नका. वर काही पीक आहे का तुमचं?

चिबडवाला_मोहोळ

वरच्या पट्टीत मका टाकायचाय रब्बीला, दीड एकर. अजून ज्वारी आहे थोडी.

काळी_माती

मग झालं! पाच एचपीची मोटर लावा आणि ते हिरवं पाणी मक्याला द्या. तलावाला जे विष आहे ते मक्याला खत आहे. मक्याला डीएपी टाकू नका, नत्र पालाश तेवढं द्या. फक्त पाण्याचा ईसी बघा, चिबडाचं पाणी खारट असलं तर मका जळेल. जनावरं असतील तर पुढं त्या पट्टीत नेपियर लावा, दोन महिन्यांनी कापा, जेवढा चारा बाहेर तेवढं स्फुरद बाहेर.

भीमाकाठ_करमाळा

पाट पाणी द्या, ठिबक नको. शेवाळानं ड्रिपर चोंदत्यात, माझं निम्मं ठिबक गेलं तसं.

चिबडवाला_मोहोळ

आठ दिवसांनी आलोय, सॉरी.

परत टेस्ट केली, दोन्ही नव्या बाटल्या, गाळून. सर बरोबर निघाले, शाईचा रंग गेला पण सांडव्याचं पाणी अजून ओढ्याच्या पाण्यापेक्षा गडदच आहे, शेजारी शेजारी धरलं की लहान पोरगंही सांगेल. वडलांना दाखवलं. ते बराच वेळ दोन्ही नळ्या उन्हात धरून बघत होते, मग म्हणाले, हे माझं १९९८ चं पोतं दिसतंय.

फळ्या चढवल्या, वर प्लास्टिकचा कागद लावून पोती रचली, थेंब थेंब गळतंय पण धार बंद झाली. ईसी इथं एका कृषी सेवा केंद्रात मीटरवर बघितला, १.४ आला, त्यांनी मक्याला चालेल म्हणून सांगितलं. कालपासून मोटर चालू आहे. चुलत्यांचं माळावरचं मुरमाड रान आहे, त्यांना माती पाहिजे आहे पण ते म्हणतात ट्रॅक्टर तुझा, डिझेल पण तुझं. बीएचसीचं आईनं सांगितलं, कांद्याला नाही पण घरात ढेकणांना वापरायचे, रानाचं तिला आठवत नाही. म्हणून मातीचे नमुने काढताना एक त्यासाठी वेगळा काढतोय.

सर एकच राहिलं, मातीचा नमुना चिखलातनं कसा काढायचा? फावड्यानं काढला की सगळे थर एकात एक होतायत.

काळी_माती

दोन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, खालचं तोंड कानशीनं घासून धारदार करा, फिरवत फिरवत खाली दाबा. वरून तळहातानं घट्ट झाकून ओढायचा, म्हणजे माती पडत नाही. मग काठीनं मागून ढकलून कागदावर काढा आणि सहा इंचांवर सुरीनं कापा. असे दहा ठिकाणचे घ्या, वरचे सगळे एकत्र, खालचे सगळे एकत्र. सावलीत वाळवा. आणि घमेलं खताचं वापरू नका, कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखं होईल.

सात_रस्ता

😂😂 ती बाटली काय सुटत नाही आता.